ब्राझील की अर्जेंटिना? कप मोजण्याआधी माणसे मोजा

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की कोल्हापूरच्या पेठांमध्ये दोन झेंडे जास्त दिसतात. एक पिवळा-हिरवा, दुसरा आकाशी-पांढरा. तालमी-तालमींत फ्लेक्सची स्पर्धा लागते आणि आपली पोरे मोबाईलवर रात्रभर भांडतात. एक म्हणतो, "आमचे पाच, तुमचे तीन, बस खाली." दुसरा म्हणतो, "शेवटचा कप कुणी उचलला ते सांग." या भांडणाला आमची हरकत नाही. खेळाचा आनंद घेतलाच पाहिजे. पण समाजाकडे डोळस नजरेने पाहणाऱ्या तरुणाने यश मोजताना फक्त कपाटातली भांडी मोजावीत, हे आम्हाला पटत नाही. कुणाला मैदानात येऊ दिले, कुणाला बाहेर ठेवले आणि हरल्यावर खापर कुणाच्या डोक्यावर फुटले, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

आधी सरळ आकडे पाहू, म्हणजे कुणी आम्ही विषय टाळला असे म्हणायला नको. कतारच्या 2022 च्या स्पर्धेपर्यंत ब्राझीलने पाच वर्ल्ड कप जिंकले: 1958, 1962, 1970, 1994 आणि 2002. अर्जेंटिनाने तीन जिंकले: 1978, 1986 आणि 2022. दक्षिण अमेरिकेच्या कोपा अमेरिका स्पर्धेत मात्र चित्र उलटे आहे. 2024 पर्यंत अर्जेंटिनाकडे 16 विजेतेपदे आहेत, ब्राझीलकडे 9. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची दोन-दोन सुवर्णपदके आहेत, म्हणजे बरोबरी. 2022 पर्यंत वर्ल्ड कपमध्ये हे दोघे चार वेळा समोरासमोर आले. 1974 आणि 1982 ला ब्राझील जिंकले, 1978 ला बरोबरी झाली आणि 1990 ला अर्जेंटिनाने एका गोलने बाजी मारली. दोघांमधल्या एकूण सामन्यांचा हिशेब विचाराल, तर जुने कुठले सामने धरायचे यावरच एकमत नाही. म्हणजे नुसत्या आकड्यांवर हा वाद कधीच मिटणार नाही. वर्ल्ड कप धरला की ब्राझील मोठे, कोपा धरला की अर्जेंटिना मोठे.

आता याच आकड्यांकडे काळाच्या क्रमाने पाहा. 1959 संपेपर्यंत दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत अर्जेंटिनाची 12 विजेतेपदे होती, ब्राझीलची फक्त 3. आणि ब्राझीलचा पहिला वर्ल्ड कप आला 1958 ला. एवढा प्रचंड देश, गल्लोगल्ली फुटबॉल खेळणारा समाज, मग इतका उशीर का? कारणे अनेक आहेत. संघटनांमधली भांडणे होती, काही वेळा दुय्यम संघ पाठवला जाई. पण सगळ्यात मोठे कारण असे, की आपल्याच देशातल्या उत्तम खेळाडूंसाठी ब्राझीलने दार अर्धे बंद ठेवले होते.

ब्राझीलने गुलामगिरी 1888 मध्ये रद्द केली, संपूर्ण अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. त्यानंतर काही वर्षांतच फुटबॉल तिथे आला तो श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांतून. काळ्या मजुरांची पोरे कुंपणाबाहेरून पाहत. 1919 मध्ये ब्राझीलने दक्षिण अमेरिकेची स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. निर्णायक गोल करणारा आर्थर फ्रीडनराइख हा जर्मन वंशाच्या बापाचा आणि कृष्णवर्णीय आईचा मुलगा होता. सामन्याआधी तो आपले कुरळे केस सरळ करण्यात बराच वेळ घालवी, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. देशाला कप मिळवून देणाऱ्या माणसाला आपले केस लपवावेसे वाटत होते, यातच सगळे आले.

पुढच्याच वर्षी, 1920 मध्ये, ब्युनोस आयर्सच्या 'क्रितिका' या वर्तमानपत्राने ब्राझीलच्या खेळाडूंना माकडे म्हणून हिणवले, त्यांचे तसे व्यंगचित्र छापले. यावर ब्राझीलच्या सत्ताधाऱ्यांनी काय करायला हवे होते? ताठ मानेने आपल्या खेळाडूंच्या पाठीशी उभे राहायला हवे होते. झाले उलटेच. 1921 च्या ब्युनोस आयर्समधल्या स्पर्धेला गोऱ्यांचाच संघ गेला. राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांचीच तशी इच्छा होती, असे ब्राझीलचे अनेक अभ्यासक लिहितात. फ्रीडनराइख त्या संघात नव्हता. ती स्पर्धा अर्जेंटिनाने जिंकली आणि ते त्यांचे पहिले विजेतेपद ठरले. अर्जेंटिनाच्या 16 मध्ये हे एक धरताना ते कोणत्या परिस्थितीत आले हेही लक्षात ठेवा. अपमान शेजाऱ्याने केला आणि शिक्षा ज्याचा अपमान झाला त्यालाच मिळाली. ही रीत आपल्याला ओळखीची नाही का?

दार उघडले ते वरून कुणी उदार झाले म्हणून नव्हे. 1923 मध्ये रिओच्या वास्को द गामा क्लबने काळे, मिश्रवर्णीय आणि कामगार खेळाडू घेऊन शहराची स्पर्धा जिंकली. बड्या क्लबांना ते झोंबले. त्यांनी 1924 मध्ये वेगळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली की 12 खेळाडू काढून टाका. कारणे काय दिली? त्यांचा व्यवसाय योग्य नाही, शिक्षण नाही, क्लबकडे नीट मैदान नाही. रंगाचा उल्लेखही न करता रंगावरून वगळण्याची ही पद्धत. 'पात्रता' आणि 'दर्जा' हे शब्द कधी आणि कुणासाठी बाहेर काढले जातात, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. वास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी पत्र लिहून कळवले की आम्ही खेळाडू काढणार नाही, तुमच्या संघटनेत येणार नाही. पुढे 1927 मध्ये क्लबने स्वतःचे मोठे स्टेडियम उभे केले. मैदान नाही म्हणून हिणवणाऱ्यांना मैदान बांधून उत्तर दिले.

यानंतरचा ब्राझीलचा आलेख पाहा. 1938 च्या वर्ल्ड कपमध्ये कृष्णवर्णीय लिओनिदास सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि ब्राझील तिसरे आले. 1950 मध्ये मायदेशी शेवटच्या सामन्यात उरुग्वेकडून 2-1 ने हार झाली. लगेच खापर फुटले ते गोलरक्षक बार्बोसा आणि बचावातले बिगोदे व जुवेनाल यांच्यावर. तिघेही कृष्णवर्णीय. काळ्या माणसाला दबाव पेलत नाही, असे उघडपणे बोलले जाऊ लागले. गंमत अशी की त्याच मैदानावर जिंकलेल्या उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलियो व्हारेला स्वतः आफ्रिकी वंशाचा होता. डोळ्यांसमोरचा पुरावाही पूर्वग्रहाला दिसत नाही. बार्बोसा 2000 मध्ये वारले तोवर तो एक गोल त्यांच्या मागे लागला होता. 1993 मध्ये ते राष्ट्रीय संघाला भेटायला गेले, तर अपशकुन नको म्हणून त्यांना आत सोडले नाही, ही गोष्ट ब्राझीलमध्ये आजही सांगितली जाते. त्यांच्यानंतर वर्ल्ड कपमध्ये पहिल्या पसंतीचा कृष्णवर्णीय गोलरक्षक आला तो 2006 मध्ये, दिदा.

1958 ला स्वीडनमध्ये तरी काय वेगळे होते? संघाच्या मानसशास्त्रज्ञाने 17 वर्षांच्या पेलेला पोरकट ठरवले होते आणि गारिंचालाही नापसंत केले होते. पहिले दोन सामने दोघेही खेळले नाहीत. तिसऱ्या सामन्यात दोघे उतरले आणि पुढे कप ब्राझीलने नेला. जाल्मा सांतोसला तर थेट अंतिम सामन्यातच खेळवले. ज्यांना संधीच द्यायची नव्हती त्यांनी संधी मिळताच इतिहास घडवला. पेले आणि गारिंचा एकत्र खेळले तो एकही सामना ब्राझील कधी हरले नाही. म्हणून आम्ही म्हणतो, ब्राझीलच्या पाच कपांमागे कुठलीही 'नैसर्गिक जादू' नाही. प्रतिनिधित्व मिळाले की गुणवत्ता घसरते म्हणणाऱ्यांना दिलेले ते उत्तर आहे.

पण इथे टाळ्या वाजवून थांबलो तर आपण फसलो. मैदानाचे दार उघडले, वरच्या मजल्याचे नाही. 1958 च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू दिदी पुढे प्रशिक्षक झाला. 1970 च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने पेरूला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद मात्र त्याला कधी मिळाले नाही. 1914 मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल संघटनेला निवडून आलेला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळाला 2022 मध्ये. आपल्याकडे क्रिकेटमध्ये पळवणकर बाळूंचे असेच झाले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चर्मकार समाजातला गोलंदाज हिंदू संघाला चालला, पण कर्णधारपद त्यांना दिले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळायला 1923 उजाडले. घाम चालतो, हुकूम चालत नाही.

आता अर्जेंटिनाकडे वळू. "आमच्याकडे काळे लोकच नाहीत, मग संघात कुठून येणार?" असा युक्तिवाद तिथले समर्थक करतात. तो तपासायला हवा. 1778 च्या गणनेत ब्युनोस आयर्सच्या लोकसंख्येत आफ्रिकी वंशाचे लोक सुमारे एक तृतीयांश होते. ते गेले कुठे? युद्धांत मेले, 1871 च्या पीतज्वराच्या साथीत मेले, मिश्र विवाह झाले, हे सगळे खरे. पण बरेचसे लोक कागदावरही नाहीसे केले गेले. काळा न लिहिता 'त्रिगेन्यो' लिहायचे. या शब्दाचा अर्थ चक्क 'गव्हाळ'! लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. 1853 च्या राज्यघटनेत सरकारने युरोपीय स्थलांतराला उत्तेजन द्यावे असे कलम आले, ते आजही आहे. 2022 च्या जनगणनेत मात्र तीन लाखांच्या आसपास लोकांनी स्वतःला आफ्रिकी वंशाचे म्हणून नोंदवले. मोजायला लागल्यावर माणसे सापडली. म्हणून जो मोजणी टाळतो त्याच्या हेतूवर शंका घेतलीच पाहिजे.

संघातही अशी माणसे होती. 1925 च्या विजेत्या अर्जेंटिना संघात आलेहांद्रो दे लोस सांतोस होता. 1978 च्या विजेत्या संघात राखीव गोलरक्षक हेक्टर बालेय होता. दोघेही आफ्रिकी वंशाचे. किती चाहत्यांना ही नावे माहीत आहेत? मॅराडोना तर व्हिला फिओरितो या गरीब वस्तीतला. त्याला देव केले, पण तशाच वस्त्यांतल्या सावळ्या लोकांना 'काबेसिता नेग्रा', म्हणजे काळ्या डोक्याचा, अशी शिवी होतीच. जुलै 2024 मध्ये कोपा जिंकल्यावर अर्जेंटिनाच्या खेळाडूंनी बसमध्ये फ्रान्सच्या आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंची टर उडवणारे गाणे म्हटले. मेस्सीने माफी मागावी असे म्हणणाऱ्या क्रीडा खात्यातल्या अधिकाऱ्यालाच सरकारने पदावरून काढले. 1920 चे व्यंगचित्र आणि 2024 ची बस यांच्यात शंभर वर्षे गेली. 16 विजेतेपदांनी ही सवय सुटली नाही.

आणखी एक हिशेब आपल्या भांडणात कुणीच मांडत नाही, तो स्त्रियांचा. ब्राझीलमध्ये 1941 ते 1979 बायकांना फुटबॉल खेळायला कायद्याने बंदी होती. पेलेचे तिन्ही कप याच काळातले. तरीही दक्षिण अमेरिकेच्या महिला स्पर्धेत 2025 पर्यंत ब्राझीलची 9 विजेतेपदे आहेत, अर्जेंटिनाचे एक. अर्जेंटिनाच्या मुली 1971 मध्ये मेक्सिकोतल्या स्पर्धेला धड साधनसामग्री नसताना गेल्या आणि इंग्लंडला 4-1 ने हरवून आल्या. चारही गोल एल्बा सेल्वाचे. मायदेशी त्याची कदर व्हायला अनेक दशके गेली.

मग मोठा संघ कोणता? आमचे मत स्पष्ट आहे. वर्ल्ड कपच्या कसोटीवर ब्राझील पुढे आहे, आणि ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांनीच ते पुढे नेले म्हणून त्या यशाचे मोल जास्त आहे. पण ते यश राबणाऱ्यांचे आहे, संघटनेच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचे नाही. अर्जेंटिनाचा खेळ थोर आहे, मॅराडोना आणि मेस्सी थोर आहेत. पण आपल्याच माणसांना नोंदीतून पुसणाऱ्या देशाचे यश आम्ही पूर्ण यश मानत नाही.

तरुण मित्रांनो, जर्सी कुठलीही घाला. फक्त पुढच्या वेळी कप मोजताना चार प्रश्न विचारा. मैदानात कोण आहे? प्रशिक्षकाच्या जागी कोण आहे? संघटनेत कोण आहे? आणि हरल्यावर शिव्या कुणाला पडतात? हेच चार प्रश्न आपल्या गावातल्या स्पर्धेला आणि आपल्या स्वतःच्या मंडळाच्या कार्यकारिणीलाही लावून पाहा. आपल्या मंडळात मुली किती, वस्तीतली पोरे किती, आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात, हे लिहून काढा. ब्राझील-अर्जेंटिनाच्या वादाचा एवढा उपयोग झाला तरी पुरे.