आभाळ कोणाच्या नावावर?

मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात एका इमारतीच्या गच्चीवर एका माणसाने विमान बांधले. खेळणे नव्हे, सहा माणसे बसतील असे खरे विमान. कॅप्टन अमोल यादव हे त्यांचे नाव. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पेशाने वैमानिक. नोकरीत कंपनीचे मोठे विमान चालवायचे आणि घरी आले की जिना चढून स्वतःच्या विमानाला पत्रे ठोकत बसायचे, असे कित्येक वर्षे चालले. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसरे विमान २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. ते गच्चीवरून खाली कसे आणले असेल, यावर आमच्या कचेरीत चार दिवस वाद चालला होता. क्रेनने आणले, हे कळल्यावर तो मिटला.

विमान तयार झाले, पण नोंदणीचे कागद काही हलेनात. शेवटी २०१७ च्या नोव्हेंबरात नोंदणी मिळाली. क्रमांक व्हीटी-एनएमडी. यातली शेवटची तीन अक्षरे त्या वेळच्या पंतप्रधानांच्या आणि मुख्यमंत्र्यांच्या नावांवरून घेतलेली. आम्ही पडलो कारकून, फाईल कोणाच्या नावाने हलते हे आम्हांला कोणी शिकवायला नको! पुढे २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून हे विमान उडाले, आणि तो बातमीचा तुकडा आम्ही अजून जपून ठेवला आहे.

हे प्रकरण आम्हांला महत्त्वाचे वाटते त्याला आणखी एक कारण आहे. त्या प्रदर्शनाच्या जेमतेम वर्षभर आधी, २०१५ च्या जानेवारीत, त्याच मुंबईत भारतीय विज्ञान परिषद भरली होती. तिथे एका निबंधात सांगितले गेले की प्राचीन काळी आपल्याकडे विमाने होती, ती या ग्रहावरून त्या ग्रहावर जात आणि उलटीही उडत. ज्या 'वैमानिक शास्त्रा'च्या जोरावर हे बोलले जाते, त्याचा निकाल बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ सालीच लावला आहे. हा ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमाने उडणे शक्य नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते. गच्चीवरच्या विमानाची तपासणी झाली, ते उडाले. पोथीतले विमान अजून पोथीतच आहे.

आता आभाळाच्या मालकीविषयी. भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटांचा, १० फेब्रुवारी १९२९ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी पुस मॉथ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईचे जुहू गाठले. धाडस मोठे होते, यात शंका नाही. पण हौसेने उडायला आधी घरात पैसा लागतो, हेही तितकेच खरे. आमचे आजे त्या काळी निजामाच्या राज्यात गावकीची कामे करत होते. त्याच निजामी राज्यात १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक प्रेम माथुर यांना नोकरी मिळाली ती याच कंपनीत. हे आम्ही सांगतो तेव्हा नांदेड-लातूरच्या मुली डोळे विस्फारतात.

विमान म्हटले की आमच्या जुन्या माणसांना १९५६ साल आठवते. ११ ऑक्टोबरला बाबासाहेब दीक्षेसाठी विमानाने नागपूरला उतरले. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच डिसेंबरात दिल्लीहून मुंबईला आलेले ते दुसरे विमान. त्याविषयी अधिक काय लिहावे!

आमच्या भागात धावपट्ट्या नाहीत असे नाही. नांदेडचा विमानतळ १९५८ चा. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी तो मोठा झाला आणि २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेत तिथून हैदराबादचे विमान सुटले. लातूरची चिंचोलीराववाडीची धावपट्टी १९९१ ची. कुंपणाबाहेरून पोरे बघतात, आतले जग वेगळे.

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही शिष्यवृत्त्यांची माहिती सांगत होतो. सगळे उठून गेल्यावर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "दादा, हसू नका. पोरीला विमान चालवायचंय म्हणते. आपल्यातल्या पोरीला जमंल का?" आम्ही हसलो नाही. दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, कारण हिशोब हे आमचे काम.

नियम असा : दहावी पास आणि १६ वर्षे पूर्ण असली की शिकाऊ परवाना काढता येतो. १७ व्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना. तो हौसेसाठी, त्यावर पगार घेता येत नाही. त्याला किमान ४० तास उड्डाण लागते. पोट भरायचे तर व्यावसायिक परवाना हवा, वय १८ आणि उड्डाण २०० तास. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असण्याची अट वर्षानुवर्षे चालत आली. ती सैल करण्याची चर्चा २०२५ मध्ये झाली. आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांना ही चर्चा उशिरा सुचली म्हणायची. शिकवणीच्या विमानाचा तास १५ हजारांचा धरला तर ४० तासांचे ६ लाख आणि २०० तासांचे ३० लाख होतात. राहणे, जेवण, परीक्षा धरून व्यावसायिक परवान्याचा आकडा ४०-५० लाखांवर जातो. आकडा ऐकून ताई गप्प झाल्या. पोरगी मात्र विचारत होती, छोट्या विमानात नेमके काय काय करावे लागते.

तेही तिला सांगितले, वाचून आणि वैमानिकांकडून ऐकून कळले तेवढे. सेसना १५२ सारख्या विमानात दोनच माणसे बसतात. उडण्याआधी वैमानिक विमानाभोवती पायी फेरी मारतो. टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल एका नळीत काढून त्यात पाणी उतरले नाही ना, ते उजेडात धरून पाहतो. पट्टी बुडवून तेल बघतो. पंख्याच्या पात्यांवरून हात फिरवतो, टवका उडालेला सापडला तर त्या दिवशी उड्डाण नाही. हे सगळे रोज, कंटाळा न करता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात असले हलके विमान सकाळीच उडवलेले बरे. दुपारी तापलेल्या काळ्या रानातून गरम हवेचे लोट वर चढतात आणि विमान खड्ड्यातल्या एस.टी.सारखे हादरते. याच लोटांवर घारी पंख न हलवता गोल गोल वर जातात आणि बिनइंजिनाचे ग्लायडरही त्यांवरच तरंगते. "मग शेरडं राखताना मी रोज हेच बघत होते," पोरगी म्हणाली.

आता पैशाचे. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत पहिल्या गटात वैद्यकीय, अभियांत्रिकीबरोबर व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रमही घातलेला आहे. आम्ही कितीतरी पालकांना विचारले, एकालाही माहीत नव्हते. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षेने होतो आणि आपल्यासाठी राखीव जागाही असतात. सगळा खर्च शिष्यवृत्तीतून निघेल असे आम्ही म्हणत नाही. चालू वर्षी किती मिळते, किती जागा आहेत, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी विचारावे. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नये.

आणखी एक. कुठेही पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, खासगी परवान्याला दुसऱ्या वर्गाची आणि व्यावसायिकला पहिल्या वर्गाची. चष्मा असला म्हणून सगळे संपत नाही, पण रंग ओळखण्यात दोष असेल तर तो आधीच कळलेला बरा. लाखो रुपये भरून मग डॉक्टरांकडे जाणारे आहेत.

ताईंना येत्या रविवारी दहावीची सनद, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन विहारात यायला सांगितले आहे. पोरगी आता अकरावीला आहे, गणित घेतले आहे. भौतिकशास्त्राच्या शिकवणीची फी परवडत नाही म्हणते. वाचकांपैकी कोणी विज्ञानाचे शिक्षक असतील आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी देऊ शकतील, तर आम्हांला कळवावे. विहाराची खोली मोकळीच असते.