पटक्याखालचे टक्कल

औंढ्याच्या यात्रेत किंवा हिंगोलीच्या दसऱ्यात वडीलधाऱ्यांच्या मस्तकी जोवर पटका वा टोपी विराजमान होती, तोवर टकलाची दप्तरी नोंद होत नसे. आता मात्र वधूवर-मेळाव्यात नाव पुकारताच उपवर तरुणाचा हात आधी कपाळावरची विरळ बट सारखी करतो. वस्तुतः त्याच्या पौरुषात काहीच न्यून नाही, कारण वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्यांना टक्कल पडत नाही, पण पुरुषी संप्रेरक टोचताच ज्यांच्या घराण्यात ते आहे त्यांचे केस गळू लागतात, हे संशोधक हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखविले. १९९६ मध्ये मस्करेला व कनिंगहॅम या संशोधकांनी, टक्कल पडलेला पुरुष देखणेपणात उणा परंतु पोक्त भासतो, सबब उत्क्रांतीने टक्कल ज्येष्ठत्वाची सनद म्हणून राखले असावे, असा तर्क मांडला. आम्हांस तो पुरता मंजूर नाही: केस बहुधा संसार मांडल्यावर, पोरेबाळे झाल्यावर गळतात, आणि तेव्हा निसर्गाच्या निवडीला हस्तक्षेपास फारसा वाव उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील गावांत अचानक पडलेले टक्कल अर्थात निराळे. ते स्त्रियांनाही पडले, आणि त्यांना पोक्तपणाची सनद कोणी बहाल केल्याचे ऐकिवात नाही.