आरोग्यविचार : मज्जातंतूंचें वेष्टन

तारापूरच्या अणुविद्युत्केंद्रांतून १९६९ पासून वीज वाहत आहे. घरांतील तारेवरचें वेष्टन फाटलें, तर तार शाबूत असूनहि दिव्याचा भरंवसा राहत नाहीं, हें आमच्या गांवीं लहान मुलासहि ठाऊक असतें. मेंदूंतील मज्जातंतूंवरहि असेंच एक स्निग्ध वेष्टन असतें. त्यास मायेलिन म्हणतात. तें मज्जातंतु स्वतः विणीत नाहींत. ऑलिगोडेंड्रोसाइट नांवाच्या शेजारच्या आधारपेशी तें त्यांच्याभोंवतीं गुंडाळतात. तें झडलें कीं, हाताचें बळ, वाणी व दृष्टि मंदावतात.

हें वेष्टन झडविणारा एक विषाणु १९७१ मध्यें विस्कॉन्सिन येथें बिली पॅजेट व त्यांचे सहकारी यांनीं शोधून काढिला. त्यांनीं मृत रोग्याच्या मेंदूंतील अंश मानवी गर्भाच्या मेंदूंतून घेऊन काचपात्रांत वाढविलेल्या आधारपेशींवर घातला. त्यांत वाढलेल्या विषाणूस रोग्याच्या आद्याक्षरांवरून 'जे. सी.' हें नांव मिळालें. तो अर्ध्याहून अधिक प्रौढांच्या शरीरांत, विशेषतः मूत्रपिंडांत, निमूट पडून असतो. प्रतिकारशक्ति खालावली, तरच क्वचित् तो मेंदूंत शिरून आधारपेशींचा नाश करितो.

परंतु पेशी मारल्यावांचूनहि तो वेष्टन बिघडवूं शकतो काय? १९८६ मध्यें या विषाणूचीं केवळ आरंभींचीं जनुकें उंदरांत घातलीं, तों उंदीर थरथरूं लागले. विषाणु तेथें नव्हताच, तरी मेंदूंतील मायेलिन नीट बनलें नव्हतें! १९९९ च्या संशोधनानें कारणाचा एक धागा हातीं दिला. मायेलिनचें एक प्रमुख प्रथिन घडविणारें जनुक कामास लावणाऱ्या 'पुर-आल्फा' या मदतनिसासच विषाणूचें 'टी-प्रतिजन' चिकटून बसतें. कोठीची किल्ली परक्याच्या हातीं जावी, तसाच हा प्रकार होय.

एड्सच्या रोग्यांत हा विकार पाश्चात्त्य देशांपेक्षां भारतांत कमी कां आढळतो, हा प्रश्न बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २००३ मध्यें मांडिला. रोगी त्यापूर्वींच दगावतात म्हणून, कीं विषाणूंच्या जातिभेदामुळें, असा त्यांचा विचार होता.

तरीहि वाचकांनीं निर्धास्त राहूं नये. मूत्रपिंडाचें रोपण झालेलें, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारें किंवा एचआयव्हीची बाधा असलेलें माणूस घरांत असेल, आणि त्याच्या हातून घास निसटूं लागला, बोलतांना शब्द अडखळूं लागला, दारांतून जातांना एकाच बाजूची चौकट लागूं लागली, तर 'वय झालें', 'चष्म्याचा नंबर वाढला' असें म्हणून दिवस घालवूं नयेत. तत्काळ डॉक्टरांस सांगावें, एम. आर. आय. व पाठीच्या कण्यांतील द्रवाची तपासणी यांवरून निदान होऊं शकतें. या विषाणूवर खात्रीचें औषध नाहीं. प्रतिकारशक्ति सांवरणें हाच मुख्य उपाय आहे. मात्र चालूं गोळ्या आपल्या मनानें कदापि बंद करूं नयेत. त्या कमी करावयाच्या कीं नाहीं, हें वैद्यकतज्ज्ञांनींच ठरवावें. घरच्यांचें काम एवढेंच, कीं बदल वेळीं ओळखावा आणि तो लपवूं नये.