दुसऱ्यांदा पडण्याआधी

पंढरपूर तालुक्यात वारकऱ्यांची तुळशीची ‘माळ घातली’ म्हणजे दारू आणि मटण सुटले, हे पोराटोरांनाही ठाऊक असते. करकंबच्या परिसरात भाषणांपेक्षा माळेने जास्त माणसे सावरली, असे आमचे ठाम मत आहे. दारू वाईट, हे माळ शिकवत नाही. ते पिणाऱ्याला आधीच माहीत असते, सकाळी उठल्यावर तर फारच. माळ त्याला संध्याकाळी बसायला चार माणसे देते. भजनात त्याच्या हाती टाळ येतो, दिंडीत जागा मिळते.

कळूनही वळत नाही, हे दुखणे जुने आहे. अथेन्सचा शोकांतिकाकार युरिपिडीस याने इसवी सनपूर्व 428 मध्ये ‘हिपोलिटस’ रंगभूमीवर आणले. त्यातली राणी फीड्रा सावत्र मुलाच्या प्रेमात पडते. ती उच्छृंखल नाही. चांगले काय ते आपल्याला समजते, पण तडीस जात नाही, हे ती गावच्या बायकांपुढे बोलून दाखवते. अब्रूसाठी तोंड मिटून ती उपाशी मरायला निघते आणि शेवटी त्याच अब्रूच्या भीतीने निरपराध मुलावर आळ घेऊन फास लावून घेते. सद्‌गुणाची चाड असलेले माणूस एकटे पडले की किती भयंकर वागू शकते, हे युरिपिडीसने ओळखले होते.

आपल्याकडे ते नाटककार राम गणेश गडकऱ्यांनी ओळखले. 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक केले. त्यातला सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते आणि त्या जखमेवर दारुडा तळीराम पहिला प्याला ठेवतो. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. सुधाकर दारू सोडतो. मनापासून सोडतो. कामासाठी प्रतिष्ठितांच्या दारी जातो आणि तिथे त्याची हिडीसफिडीस होते. पहिला प्याला तळीरामाचा होता, पण दुसऱ्यांदा तो हाती आला त्याचे माप या प्रतिष्ठितांच्याही पदरात पडते. तळीरामाने निदान त्याला बसायला जागा दिली होती!

सुधाकरच्या बायकोचे, सिंधूचे प्रेम मोठे, यात शंका नाही. पण ती मरतानाही नवऱ्याच्या मारहाणीचा गुन्हा झाकते, तेव्हा डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाने तळीरामाच्या बायकोकडे, गीताकडेही पाहावे. ती मार खाते, पण तोंडावर बोलते. आजही दवाखान्यात ‘पाय घसरून पडले’ एवढेच सांगणाऱ्या बायका आहेत. त्यांना पतिव्रता म्हणून गौरवण्याचे थांबवून शेजारणींनी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे.

आणि दारू सोडलेल्याला पारावर ‘किती दिवस टिकतंय बघू’ म्हणणाऱ्यांनी आपले तोंड आवरावे. करकंबच्या बाजारपेठेत दुकाने आहेत, शिवारात ऊस आहे, बागा आहेत. पहिले दोन-तीन महिने अशा माणसाला रोजगार द्या, मजुरी शक्यतो घरच्या बाईसमोर द्या, आणि संध्याकाळी गुत्त्यावरून हाक येण्याआधी भजनाला चला म्हणून कुणीतरी त्याच्या दारात जा.