आधी गाळणी, मग यंत्र

कारखान्यात आर.ओ. यंत्र बसले की पाण्याची चिंता मिटली, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. पावसाळ्यात दमणगंगा गढूळ होते. तो गाळ यंत्राच्या नाजूक पडद्यावर बसला की पडदा तुंबतो. क्लोरीनने तर तो कायमचा बिघडतो. म्हणून आधी वाळूची गाळणी, मग कोळशाची, शेवटी ५ मायक्रॉनची, हा क्रम हवा. येथे काटकसर केली तर पडदा आम्ल व अल्कलीने वारंवार धुवावा लागतो. ते धुवण आणि यंत्राने बाहेर टाकलेले खारे पाणी ओढ्यात गेले, तर भात आपलेच करपेल. बंधुभगिनींनो, राखोलीच्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा: गाळणी शेवटची कधी धुतली? आणि टाकाऊ पाणी जाते कोठे?