अर्जावरची रिकामी ओळ

दादर, परळ, लालबागच्या कलेक्शन सेंटरांवरून निळ्या बुचाच्या नळ्या रोज मोठ्या लॅबकडे निघतात. सोबतच्या अर्जावर अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस अशा तपासण्यांची नावे असतात. रुग्णाचे वय असते, डॉक्टरांची सही असते. ‘सध्या चालू असलेली औषधे’ ही ओळ मात्र पुष्कळदा कोरीच राहते. या तपासण्यांत तीच ओळ सर्वांत महत्त्वाची आहे.

थ्रॉम्बिन हे ट्रिप्सिनच्याच कुळातले, प्रथिने कापणारे एन्झाइम. ट्रिप्सिन आतड्यात अन्न पचवते. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनला नेमक्या जागी कापते आणि रक्ताची गुठळी धरते. अशी एन्झाइमे मोकाट सुटली तर शरीर स्वतःलाच पचवू लागेल, म्हणून त्यांच्यावर राखण ठेवलेली असते. पेशीच्या आत कॅल्पेनवर कॅल्पास्टॅटिनची, कॅथेप्सिनवर सिस्टॅटिनची. रक्तात सर्पिन कुळातल्या प्रथिनांची. वनस्पतींतही हीच व्यवस्था आहे. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मगच बिरडे शिजवायचे, ही गिरगावातल्या घरांची जुनी रीत. कच्च्या वालात ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात आणि या खटाटोपात ती बरीचशी निकामी होतात.

अँटिथ्रॉम्बिन हे सर्पिन, आणि सर्पिनचे काम उंदराच्या सापळ्यासारखे चालते. त्याच्या अंगाबाहेर एक वेटोळे आमिषासारखे पुढे आलेले असते. एन्झाइम ते कापायला जाते. काप बसताच वेटोळे झटक्यात रेणूच्या आत शिरते, चिकटलेल्या एन्झाइमला फरफटत दुसऱ्या टोकाला नेते आणि त्याची घडणच मोडून टाकते. पण हा सापळा पुन्हा लावता येत नाही. एका थ्रॉम्बिनमागे एक अँटिथ्रॉम्बिन खर्ची पडते आणि ती जोडगोळी यकृत रक्तातून काढून टाकते. हेपारिन हाच व्यवहार सुमारे हजारपट वेगाने घडवून आणते.

म्हणजे ताजी गुठळी असताना किंवा हेपारिन काही दिवस चालू असताना अँटिथ्रॉम्बिन कमी दिसणे, हे ते इमानाने कामी आल्याचे लक्षण असू शकते. जन्मजात उणीव त्यावरून ठरत नाही. प्रोटीन सी आणि एस हे सर्पिन नव्हेत, पण त्यांचीही गत अशीच: दोन्ही के जीवनसत्त्वावर अवलंबून, त्यामुळे वॉरफरिनवर असलेल्या रुग्णात ती घटणारच. गरोदरपणात प्रोटीन एस आपोआप उतरते. उलट चूकही होते. रिव्हरॉक्सॅबान घेणाऱ्याचे अँटिथ्रॉम्बिन फॅक्टर टेन-एवर आधारलेल्या पद्धतीने मोजले, तर आकडा खोटाच चढतो आणि खरी उणीव झाकली जाते.

एखाद्या तरुण मुलीच्या फायलीत अशा एका आकड्यावरून ‘आनुवंशिक दोष’ असे लिहिले गेले, तर लग्न, बाळंतपण, आयुष्यभराची गोळी या सगळ्यावर त्याची सावली पडते. हे टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

हे शास्त्र परळला परके नाही. केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. तिथल्या दीपिका मोहंती, श्रीमती शेट्टी, कांजाक्ष घोष आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पश्चिम भारतातल्या बड-कियारी रुग्णांमधल्या आनुवंशिक गुठळीदोषांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फॅक्टर फाइव्ह लायडन हा दोष ठळकपणे पुढे आला. तो जनुकातला बदल. डीएनएवर तपासला तर हेपारिनने, वॉरफरिनने किंवा गरोदरपणाने उत्तर बदलत नाही. प्रथिनांच्या पातळीला ही सुरक्षितता नाही. ल्युकेमियाच्या मुलांना दिले जाणारे एल-ॲस्पॅराजिनेज यकृतातले अँटिथ्रॉम्बिनचे उत्पादनच खाली आणते, आणि नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये ते लघवीवाटे वाहून जाते. कर्करोग आणि बालरोग विभागांतल्या सहकाऱ्यांना हे पाठ आहे. बाहेरच्या लॅबला मात्र अर्जाशिवाय कळायला मार्ग नाही.

सिस्टॅटिन सीचेही तसेच. मूत्रपिंडाची तपासणी म्हणून आज सगळे ते ओळखतात; मुळात ते कॅथेप्सिनला आवरणारे रोधक आहे, हे विसरायला होते. स्नायू झडलेल्या वृद्धात क्रिएटिनिन फसवते तिथे ते फार उपयोगी पडते, पण रुग्ण स्टेरॉइडवर असेल किंवा थायरॉइड बिघडलेले असेल तर तेही फसवते. पुन्हा तीच ओळ.

१९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी सुमारे १५०० सीरमच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्ट्या पाहिल्या. पाच पट्ट्यांवर एक पट्टा गायब होता. त्यांनी ती रिकामी जागा तशीच सोडली नाही, रुग्णांची माहिती काढली. पाचांपैकी तिघांना एम्फिसीमा होता. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची उणीव जगाला अशी कळली.

तेव्हा डॉक्टर मित्रांनो, अर्ज भरताना गुठळी कधी झाली, शेवटचा डोस कोणता आणि कधी, गरोदरपण किंवा नुकतेच बाळंतपण आहे का, एवढे लिहाच. तपासणी घाईची नसेल तर तीन महिने थांबा. तपासणीसाठी म्हणून औषध परस्पर बंद करू नका आणि कमी आलेला आकडा पुन्हा तपासल्याशिवाय निदान लिहू नका. लॅबचालकांनो, ती ओळ कोरी असेल तर नमुना यंत्रावर चढवण्यापूर्वी डॉक्टरांना एक फोन करा.