पहिल्या दिवसाचे खोटे : ५ जून १९६७

१) युद्ध सुरू झाले की एक वाक्य हमखास कानी येते : "ही वेळ प्रश्न विचारण्याची नाही. बातमी खरी की खोटी हे नंतर पाहू. आत्ता मनोधैर्य महत्त्वाचे." या वाक्यात देशप्रेम असेल, इतिहासाचे ज्ञान मात्र नाही. युद्धाच्या पहिल्या दिवशी पसरवलेल्या असत्याची किंमत बहुधा शत्रूच्या आधी स्वकीयच मोजतात. याचा अत्यंत स्पष्ट दाखला म्हणजे १९६७ चे अरब-इस्रायल युद्ध, आणि विशेषतः त्याचा पहिला दिवस. हा धागा त्याविषयी.

२) आधी पार्श्वभूमी. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी सिनाईत सैन्य आणले, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला हटवण्याची मागणी केली आणि तिरानची सामुद्रधुनी इस्रायली जहाजांना बंद केली. ३० मे रोजी जॉर्डनचे राजे हुसेन यांनी कैरोला जाऊन इजिप्तशी संरक्षण करार केला. त्यानुसार जॉर्डनच्या आघाडीची सूत्रे अब्देल मुनीम रियाद या इजिप्शियन सेनानीकडे गेली. हा तपशील ध्यानात ठेवावा. पुढे तो निर्णायक ठरतो.

३) ५ जून, सोमवार. इस्रायली घड्याळानुसार सकाळचे पावणेआठ, कैरोत पावणेनऊ. इस्रायलची जवळजवळ सगळी लढाऊ विमाने इजिप्तच्या हवाई तळांवर तुटून पडली. इजिप्तची बहुतेक विमाने जमिनीवरच उभी होती. दिवस मावळेपर्यंत त्यांतील सुमारे ३०० नष्ट झाली. युद्ध सहा दिवस चालले. त्याचा निकाल मात्र पहिल्या काही तासांतच ठरला होता. प्रश्न असा, की हे त्या दिवशी कोणाकोणाला ठाऊक होते?

४) कैरो रेडिओच्या श्रोत्यांना तरी नव्हते. तेथून लष्करी संचलनगीते वाजत होती आणि मधूनमधून निवेदने येत होती : शत्रूने आगळीक केली, त्याची इतकी विमाने पाडली. आकडा दर निवेदनागणिक फुगत गेला आणि संध्याकाळपर्यंत ऐंशीच्या पुढे पोहोचला. 'सौत अल-अरब', म्हणजे 'अरबांचा आवाज', या केंद्रावरून अहमद सईद यांचा आवेशपूर्ण स्वर साऱ्या अरब जगतात घुमत होता. रस्त्यारस्त्यांवर लोक जल्लोष करीत होते. वस्तुतः इस्रायलने त्या दिवशी सुमारे २० विमाने गमावली होती.

५) मग इस्रायली रेडिओ खरे सांगत होता काय? तोही नाही. सकाळच्या पहिल्या अधिकृत निवेदनात असे म्हटले होते, की इजिप्तचे रणगाडे आणि विमाने इस्रायलच्या दिशेने निघाली असून आपले सैन्य त्यांना सामोरे गेले आहे. हे असत्य होते. पहिला हल्ला इस्रायलचाच होता. त्यावर कडी म्हणजे संरक्षणमंत्री मोशे दायान यांच्या आदेशाने हवाई यशाविषयी मौन पाळले गेले. आपण किती विमाने उद्ध्वस्त केली, हे मध्यरात्र उलटेपर्यंत अधिकृतपणे सांगितलेच नाही.

६) हे मौनही एक हत्यार होते. विजय लवकर जाहीर झाला असता तर सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा रेटा वाढला असता. शिवाय इजिप्तचे दावे खोडले नाहीत, तर शेजारची राष्ट्रे भ्रमातच राहणार होती. म्हणजे त्या सकाळी एका रेडिओवर काल्पनिक विजय होता आणि दुसऱ्यावर काल्पनिक बचाव. वॉशिंग्टनमध्येसुद्धा आधी हल्ला कोणी केला, याविषयी आरंभी संभ्रम होता.

७) येथे एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घेणे आवश्यक आहे. "दोन्ही बाजू ऐकाव्यात, सत्य मध्ये कुठेतरी असते," असे आपण मोठ्या शहाणपणाने म्हणतो. ५ जूनला हे सूत्र लावून पाहा. एक बाजू म्हणते आम्ही जिंकतो आहोत, दुसरी म्हणते आम्ही बचाव करतो आहोत. मध्य काढला तर तुल्यबळ लढाईचे चित्र उभे राहते, आणि तेही साफ खोटे. दोन असत्यांची सरासरी काढून सत्य हाती लागत नाही.

८) आता या असत्याचा पहिला बळी पाहू. सकाळी सुमारे ९ वाजता इजिप्तचे सरसेनापती फील्ड मार्शल अब्देल हकीम आमेर यांचा संदेश अम्मानला पोहोचला. आशय असा : इस्रायलने आमच्या तळांवर हल्ला चढवला, पण त्याची सुमारे ७५ टक्के विमाने नष्ट अथवा निकामी झाली आहेत, आता तुम्ही आघाडी उघडा. हा संदेश सामान्य श्रोत्यासाठी नव्हता, मित्रराष्ट्राच्या सेनापतींसाठी होता. रेडिओवरच्या असत्याने आता लष्करी आदेशाचे रूप घेतले होते.

९) त्याच सुमारास जॉर्डनच्या रडारवर इजिप्तकडून इस्रायलकडे जाणारी विमाने दिसली. ती वस्तुतः हल्ला आटोपून परतणारी इस्रायली विमाने होती. कैरोहून आलेला विजयाचा संदेश ज्यांच्या डोक्यात होता, त्यांनी ती इजिप्तची विमाने समजली. रडारवरचे ठिपके खरेच होते. त्यांचा अर्थ खोटा लागला. पुरावा खरा असूनही आधीचे गृहीतक चुकीचे असेल तर काय होते, हे इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने येथे पाहून घ्यावे.

१०) त्या सकाळी हुसेन यांच्याकडे आणखी एक संदेश आला. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी जनरल ऑड बुल यांच्या मार्फत इस्रायलने कळवले, की जॉर्डन युद्धात उतरला नाही तर त्याच्यावर हल्ला होणार नाही. परंतु तोवर जॉर्डनची पावले पडू लागली होती. आणि तीन-चतुर्थांश विमाने गमावलेल्या शत्रूचा असा निरोप दुबळेपणाचेच लक्षण वाटणार. जॉर्डनच्या तोफा धडाडल्या. दुपारी जॉर्डनचे छोटे हवाई दल नष्ट झाले. ७ जूनला पूर्व जेरुसलेमचे जुने शहर पडले आणि पाठोपाठ सारा पश्चिम किनारा हातचा गेला. २ लाखांहून अधिक पॅलेस्टिनी तेथून विस्थापित झाले.

११) "पण हुसेन करारानेच बांधले गेले होते, खरे कळले असते तरी ते लढलेच असते," असा आक्षेप घेतला जातो. तो वजनदार आहे. करार होता, देशांतर्गत दडपणही होते. परंतु करार पाळण्याच्याही पायऱ्या असतात. नाममात्र गोळीबार करून थांबणे वेगळे, आणि शत्रू पांगळा झाला आहे असे समजून पूर्ण आघाडी उघडणे वेगळे. ही निवड करण्यासाठी जी माहिती हवी होती, नेमकी तीच त्यांच्या मित्राने त्यांच्यापासून हिरावून घेतली.

१२) असत्य केवळ बाहेरच गेले नाही, ते वरही गेले. खुद्द नासर यांना हवाई दलाच्या संहाराचे पूर्ण चित्र कित्येक तास कळले नव्हते. ज्या व्यवस्थेत वाईट बातमी सांगणाऱ्याची खैर नसते, तेथे प्रत्येक पायरीवरचा अधिकारी आकडा थोडा गोड करूनच वर पाठवतो. रेडिओवरचे निवेदन हे त्या साखळीचे शेवटचे टोक. जनतेला फसवणारी व्यवस्था आधी स्वतःच्या प्रमुखाला फसवते, ती अशी.

१३) ६ जूनला आमेर यांनी सिनाईतून सरसकट माघारीचा आदेश दिला, तोही नीट योजनेविना. वाळवंटात, डोक्यावर स्वतःचे एकही विमान नसताना, सैन्य खिंडींकडे धावत सुटले. इजिप्तचे सुमारे १० हजार सैनिक या युद्धात प्राणास मुकले. आदल्या दिवशी ज्यांच्या विजयाचा जल्लोष कैरोत चालला होता, तेच हे सैनिक. त्या जल्लोषाने त्यांचे मनोधैर्य किती वाढले असेल, याचा हिशेब मनोधैर्यवाल्यांनी अवश्य मांडावा.

१४) एक असत्य झाकायला दुसरे लागते. ६ जूनच्या पहाटे नासर आणि हुसेन यांचे दूरध्वनीवर बोलणे झाले. इस्रायलवतीने अमेरिका व ब्रिटनची विमाने लढत आहेत, असे जाहीर करण्याचे त्यात ठरले. इस्रायलने हे संभाषण टिपले आणि ८ जूनला जगाला ऐकवले. तोवर इजिप्त, सीरिया, अल्जीरिया, इराक आदी देशांनी अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले होते. हुसेन यांनी तो आरोप पुढे मागे घेतला. तुटलेले संबंध मात्र जोडायला वर्षे गेली.

१५) आणि सर्वांत विदारक प्रसंग सीरियाचा. १० जूनच्या सकाळी दमास्कस रेडिओने गोलानमधील कुनेत्रा शहर पडल्याची घोषणा केली. इस्रायली सैन्य तोवर तेथे पोहोचलेलेही नव्हते! महाशक्तींनी तातडीने हस्तक्षेप करावा, हा त्यामागचा हेतू असावा, असे मानले जाते. परिणाम उलटा झाला. गोलानवर अद्याप लढणाऱ्या सीरियन सैनिकांनी आपल्याच रेडिओवर ही बातमी ऐकली, मागची वाट तुटली असे समजून ठाणी सोडली, आणि काही तासांत कुनेत्रा खरोखरच पडले. घोषणा आधी झाली, पराभव नंतर घडला.

१६) "मग इस्रायलचे खोटे कसे पचले?" हा प्रश्न उरतोच. उत्तर कडू असले तरी द्यायला हवे. इस्रायलने जगाला खोटे सांगितले. स्वतःच्या निर्णयकर्त्यांना सांगितले नाही. कोणता तळ उद्ध्वस्त झाला आणि आपले कोण परतले नाही, हे त्याच्या सेनापतींना ठाऊक होते. म्हणून त्याचे असत्य नैतिक ठरत नाही. 'इजिप्तने आधी हल्ला केला' हा दावा टिकलाच नाही. पुढे इस्रायलला 'आम्ही प्रतिबंधात्मक हल्ला केला' अशा युक्तिवादाचा आश्रय घ्यावा लागला. पण शत्रूला फसवणे आणि स्वतःला फसवणे यांतला भेद त्या आठवड्याने रक्ताने लिहून ठेवला.

१७) ९ जूनला नासर यांनी दूरचित्रवाणीवरून पराभव मान्य करून राजीनामा जाहीर केला. लोक रस्त्यांवर उतरले आणि त्यांनी तो मागे घेतला. पण 'अरबांचा आवाज' पूर्वपदावर आला नाही. अहमद सईद यांची उचलबांगडी झाली. ज्या केंद्रावर कोट्यवधींचा विश्वास होता, त्याचे नाव पोकळ वल्गनेचा पर्याय बनले. विश्वास हे असे शस्त्र आहे, की खोटी बातमी देताना ते एकदाच चालवता येते.

१८) हा दूरदेशीचा इतिहास आहे असे कोणी समजू नये. गाझातून परतायच्या तयारीत असलेले शांतिसेनेतील भारतीय सैनिकही त्या युद्धात मारले गेले. आणि अलीकडचे पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्नेक आयलंडवरील सर्व युक्रेनी रक्षक हुतात्मा झाल्याचे जाहीर झाले. पुढे ते जिवंत, रशियाच्या कैदेत असल्याचे कळले. मे २०२५ मध्ये आपल्याच काही वाहिन्यांनी एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त करून दाखवले. सकाळी बंदर जागेवर होते. सीमेपलीकडे संगणकीय खेळातील दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून फिरत होती. त्या रात्री सीमावर्ती गावांत खरे तोफगोळे पडत होते, आणि तेथील माणसांना खरी बातमी हवी होती.

१९) आपण इतिहासप्रेमी वादात 'समकालीन साधन' हा हुकमी एक्का म्हणून टाकतो. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांचा आग्रह धरला तो योग्यच होता. पण कैरो रेडिओचे निवेदनही समकालीन आहे, अस्सल आहे, अधिकृत आहे. आणि खोटे आहे. ते विमानांच्या संख्येचा पुरावा ठरत नाही. ते बोलणाऱ्याच्या हेतूचा आणि भीतीचा मात्र उत्तम पुरावा आहे. साधन कशाचे आहे, हे ठरवल्याशिवाय ते वापरता येत नाही.

२०) म्हणून युद्धाच्या पहिल्या दिवशी बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत. हे सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले आहे काय? ही बातमी मी खरी मानल्याने कोणाचा लाभ होतो? कोण बोलत नाही, आणि का? आणि यात स्वतःला अडचणीचे असे काही कबूल केले आहे काय? अखेरचा प्रश्न सर्वांत मोलाचा. ज्या निवेदनात फक्त शत्रूची हानी आहे आणि स्वतःची शून्य, ते बाजूला ठेवावे. पुढे पाठवू नये.

२१) न पाठवणे हा भ्याडपणा नाही आणि देशद्रोह तर नाहीच. सैनिकाचे प्राण नकाशाच्या अचूकतेवर अवलंबून असतात, आणि खोटी बातमी हा खोटा नकाशाच असतो. ५ जूनच्या संध्याकाळी कैरोतील रस्त्यांवर नाचणारी माणसे वाईट नव्हती. त्यांचे आपल्या देशावर प्रेम होते. त्यांच्या प्रेमाचा तो उपयोग ज्यांनी केला, ते अपराधी होते. पुढल्या वेळी आपल्या हातातल्या यंत्रावर तसा विजय झळकेल, तेव्हा त्या रस्त्यांची आठवण ठेवावी.

धागा समाप्त. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत, मात्र साधनासह.